आपली नर्मदा: अमरकंटकपासून खाडीपर्यंतचं पाणी ओळखू या



१६ जून ते १५ ऑगस्ट नदीतली मासेमारी बंद आहे. नावा वर काढून उलट्या घातल्यात, जाळी ओसरीत दुरुस्तीला पडलीत. एरवी आपल्यापैकी कोणाला चार ओळी वाचायला सवड नसते, म्हणून हा लांबलचक लेख आत्ता टाकतोय. घरातल्या नववी-दहावीच्या मुलांनाही वाचायला द्या, भूगोलाच्या पेपरात कामाला येईल.

आधी लिहिण्याचं कारण सांगतो. मागच्या वैशाखात आपल्या संस्थेतली दोन तरुण पोरं आपली नाव टेम्पोत घालून इंदिरा सागर जलाशयावर धंद्याला गेली. इथं पाणी आटलेलं, तिकडे भरपूर, म्हणून गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला आणि अर्ध्या तासात नाव पाण्यानं भरली. पाण्यातून वर आलेल्या एका वाळक्या झाडाच्या शेंड्याला धरून दोघं बसले. तिथल्याच एका नाववाल्यानं त्यांना काढलं. जीव वाचले, पण इंजिन गेलं आणि सहा जाळी गेली. पोरांना सगळे बोलले. पण त्यांच्या अर्जावर सही माझी होती. मी परवान्याचे कागद तपासले, नाव तपासली नाही. आपली नाव वाहत्या, उथळ, दगडी पाण्याची: बुडाला चपटी आणि काठाला बुटकी. ती त्या पाण्याची नव्हतीच. नर्मदा तीच, पण पाणी वेगळं. हे मला सुचायला हवं होतं.

म्हणून उगमापासून सुरू करतो.

नर्मदा मध्य प्रदेशात अनूपपूर जिल्ह्यात अमरकंटकला निघते. मैकल डोंगररांगेतलं हे ठिकाण समुद्रसपाटीपासून साधारण १०५७ मीटर उंच आहे. तिथून गुजरातमध्ये भरूचच्या पुढे खंबातच्या आखाताला मिळेपर्यंत तिची लांबी १३१२ किलोमीटर. त्यातले १०७७ किलोमीटर एकट्या मध्य प्रदेशात. मग ३५ किलोमीटर एका काठाला मध्य प्रदेश आणि दुसऱ्या काठाला महाराष्ट्र, पुढे ३९ किलोमीटर महाराष्ट्र आणि गुजरात यांची हद्द, आणि शेवटचे १६१ किलोमीटर गुजरात. म्हणजे महाराष्ट्राच्या वाट्याला नदीचा फक्त डावा काठ येतो, तोही नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा आणि धडगावच्या डोंगरात. पुण्या-मुंबईकडचे नातेवाईक विचारतात, नर्मदा महाराष्ट्रात कुठे आहे? त्यांना हे सांगा.

देशातल्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेकडे जातात, ही पश्चिमेला का जाते? शाळेत आपण "उतार तसा आहे" म्हणून सोडून देतो. खरी गोष्ट अशी की उत्तरेला विंध्य आणि दक्षिणेला सातपुडा यांच्यामध्ये जमिनीला फार जुन्या काळी भेगा पडल्या आणि मधला पट्टा खाली बसला. त्याला खचदरी म्हणतात. नदीनं आपली वाट खोदली कमी, आयती मिळालेली जास्त धरली. सातपुड्याच्या पलीकडे तापीचंही तसंच. म्हणून नर्मदा इतकी सरळ वाहते, आणि म्हणूनच तिच्या उपनद्या लांब नाहीत. दोन्हीकडे डोंगर जवळ, मग उपनदी लांब होणार कुठून? मुख्य उपनद्या ४१ आहेत, डाव्या म्हणजे सातपुड्याच्या अंगानं २२ आणि उजव्या अंगानं १९. सगळ्यात लांब तवा, तीसुद्धा १७२ किलोमीटरच. नर्मदापुरमजवळ बांद्राभानला ती मिळते.

ह्या आखूड उपनद्यांचा आपल्या धंद्याशी थेट संबंध आहे. डोंगरात पाऊस पडला की त्या पाण्याला वाटेत थांबायला जागा नसते, ते काही तासांत मुख्य नदीत उतरतं. त्यात वर बर्फ नाही. गंगेला उन्हाळ्यात हिमालयाचं वितळलेलं पाणी मिळतं, नर्मदेला नाही. वर्षभरातल्या पाण्यापैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी जून ते ऑक्टोबर ह्या महिन्यांत येतं. बाकीचे महिने नदी झऱ्यांवर आणि आता धरणांतून सोडलेल्या पाण्यावर चालते.

उगमाकडचा भाग मी भरभर सांगतो, कारण तिकडे आपल्यातलं कोणी जाळं टाकायला जात नाही. अमरकंटकपासून थोड्याच अंतरावर कपिलधारा धबधबा आहे, त्याच्या खाली दूधधारा. मग मंडल्याचा डोंगराळ, जंगलाचा प्रदेश. जबलपूरच्या वर बरगी धरण, आणि जबलपूरच्या खाली भेडाघाट. तिथं धुवाधारला पाणी कोसळतं आणि मग पांढऱ्या संगमरवराच्या कड्यांमधून नदी अरुंद होऊन जाते. पाणी शांत दिसतं ते खोल आहे म्हणून. तिथले नाववाले पर्यटकांना ओळीनं गमती सांगतात, पण एक गोष्ट कामाची आहे. रुंद नदी अरुंद झाली की पाणी कुठे जातं? खाली जातं. खोली वाढते. जाळ्याची उंची ठरवताना हे कुठल्याही नदीत उपयोगी पडतं.

भेडाघाट सोडलं की नरसिंहपूर, नर्मदापुरम, हरदा असा काळ्या मातीचा सपाट पट्टा लागतो. इथं नदी रुंद, काठ उंच आणि मातीचे, तळाला वाळू. हा ओढजाळ्याचा आणि पागेराचा पट्टा. वाळूचा तळ दरवर्षी पुरात बदलतो. मागच्या वर्षी जिथं कमरेइतकं पाणी होतं तिथं यंदा बांबू लागणार नाही. आणि आता वाळू उपसल्यानं पडलेले खड्डे वेगळेच, ते पुरानं पाडलेले नसल्यामुळे त्यांना काही रीत नसते. नदीनं केलेला डोह सहसा वळणाच्या बाहेरच्या अंगाला किंवा खडकाच्या खालच्या बाजूला असतो, जुन्या माणसाला तो नुसत्या पाण्याच्या रंगावरून कळतो. उपशाचा खड्डा मात्र कुठेही असतो. घाटावर आंघोळीला आलेल्या पोरांचे जीव त्यात जातात.

आता धरणांकडे येतो. इथं नदी नदी राहत नाही, पायऱ्या होते. हे आकडे वहीत लिहून ठेवा. धरण पूर्ण भरल्यावर पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून किती, ते असं: बरगी ४२२.७६ मीटर, इंदिरा सागर २६२.१३ मीटर, ओंकारेश्वर १९६.६० मीटर, सरदार सरोवर १३८.६८ मीटर. एकेक पायरी उतरत पाणी खाली येतं. इंदिरा सागर आणि ओंकारेश्वर यांच्यात जेमतेम ४० किलोमीटरचं अंतर, म्हणजे वरच्या धरणाचं पाणी सोडलं की ते लगेच खालच्याच्या पोटात. सरदार सरोवराचा फुगवटा मागे २१४ किलोमीटर लांब पसरतो, बडवानीच्या अंगापर्यंत तो आपल्याला रोज दिसतो. राजघाटचा जुना पूल ज्यांनी वापरलाय त्यांना वेगळं सांगायला नको.

इंदिरा सागर पूर्ण भरल्यावर ९१३ चौरस किलोमीटर जमीन झाकतं. सगळी मुंबई त्यात मावून वर जागा उरेल. साठा १२.२२ अब्ज घनमीटर, देशातला सगळ्यात मोठा. हरसूद गाव २००४ मध्ये त्याच्यासाठीच उठलं. आता विचार करा, एवढ्या उघड्या पाण्यावर वारा सुटला की काय होणार. लाट किती मोठी होते हे नुसत्या वाऱ्याच्या जोरावर ठरत नाही. वाऱ्याला पाण्यावरून किती लांब धावायला मिळतं त्यावर ठरतं. आपल्या नदीत वारा आडवा आला तर काठापासून काठापर्यंत चार-पाचशे मीटर धावतो, तेवढ्यात लाट कुठली उठणार? जलाशयावर तोच वारा कित्येक किलोमीटर धावत येतो. उन्हाळ्यात सकाळी पाणी आरशासारखं असतं आणि दुपारनंतर वारा सुटतो. तिथले मासेमार पहाटे जाळी उचलून नऊ-दहाच्या आत काठाला लागतात. आपली पोरं दुपारी दोनला मधोमध होती.

दुसरं, जलाशयाच्या तळाशी जंगल आहे, घरं आहेत, विहिरी आहेत. पाणी उतरलं की झाडांचे वाळके शेंडे वर येतात, पाणी चढलं की हातभर खाली जातात आणि दिसत नाहीत. नाव फुटते त्यावर, जाळं तर फाटतंच. तिथं तळाला जाळं सोडू नये. तसाही उन्हाळ्यात खोल पाण्यात तळाला मासा कमीच, कारण वरचं पाणी तापतं, खालचं गार राहतं, दोन्ही मिसळत नाहीत आणि तळाचा प्राणवायू संपत जातो. मासा वरच्या थरात आणि जिथं नाले येऊन मिळतात त्या खाड्यांसारख्या कोपऱ्यांत सापडतो. कटला, रोहू, मृगळ ह्यांचं बीज तिथं सोडलेलं असतं. मोठ्या जलाशयांचं काम मत्स्य महासंघाकडे आहे, त्यामुळे परवाना, जाळ्याच्या फाशाचं माप आणि मासा कोणाला द्यायचा हे नियमही नदीपेक्षा वेगळे. जाण्याआधी विचारून जावं.

आता आपला पट्टा. ओंकारेश्वरच्या खाली महेश्वर, खलघाट आणि तिथून बडवानीपर्यंत. वर एक धरण, खाली एका धरणाचा फुगवटा, आणि मध्ये उरलेली ही वाहती नदी. महेश्वरला सहस्रधारेपाशी काळ्या खडकातून नदीच्या किती धारा फुटतात ते सगळ्यांनी पाहिलंय. अहिल्याबाईंनी बांधलेल्या घाटावर उभं राहून पश्चिमेकडे पाहिलं की उन्हाळ्यात खडक मोजता येतात. हे खडक नावाड्याला त्रासाचे, पण माशाला घर. महाशीर, ज्याला इकडे बडस म्हणतात, तो मध्य प्रदेशाचा राज्यमासा आहे. त्याला वाहतं, स्वच्छ, प्राणवायूचं पाणी लागतं आणि अंडी घालायला गोट्यांचा तळ लागतो. पावसाळ्यात तो पाण्याच्या उलट दिशेनं वर चढतो. आजोबांच्या तोंडून आपण मणभर बडसच्या गोष्टी ऐकल्या, थोडी फोडणी सोडून देऊ, पण मासा होता हे खरं. आज वर चढायला वाट नाही, भिंत आहे. खाली उतरला तर साचलेलं पाणी आहे. मधल्या ह्या तुकड्यात जो वाचलाय तो इथल्याच डोहांत उन्हाळा काढतो आणि इथल्याच गोट्यांत अंडी घालतो. बंदीचे दोन महिने कोणी रात्री चोरून जाळं टाकतं तेव्हा सरकारचं काही जात नाही, नेमका हाच मासा जातो. नावं मी लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळलंय.

आपल्या पट्ट्याची दुसरी गोष्ट म्हणजे पाण्याचं घड्याळ. आधी नदी पावसावर चढायची-उतरायची आणि आभाळाकडे बघून अंदाज यायचा. आता विजेवर चढते-उतरते. संध्याकाळी शहरांना वीज जास्त लागते, तेव्हा धरणाची यंत्रं जास्त चालतात, पाणी सुटतं आणि काही तासांनी आपल्या घाटाला पोचतं. भर उन्हाळ्यात, आभाळात ढग नसताना, पहाटे लावलेलं जाळं वाहून जातं. खडकावर झोपलेला माणूस जागा होतो तर चहूकडे पाणी. एप्रिल २००५ मध्ये देवास जिल्ह्यात धाराजीला अमावस्येच्या यात्रेला जमलेले लोक रात्री नदीपात्रात होते. वर इंदिरा सागरातून सोडलेलं पाणी आलं आणि साठच्या वर माणसं वाहून गेली. त्या वेळी आपल्यातल्या कित्येकांनी प्रेतं काढायला नावा नेल्या होत्या. धाराजीचा तो धावडी कुंड आता ओंकारेश्वरच्या जलाशयाखाली आहे.

बडवानीच्या पुढे डोंगर जवळ येतात. सातपुडा आणि विंध्य इथं अगदी एकमेकांना भेटायला आल्यासारखे वाटतात आणि नदी घळीतून जाते. हीच ती मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि गुजरात यांच्या हद्दीची जागा. पूर्वी इथं जोरदार प्रवाह होता, आता सरदार सरोवराचं खोल, थंड पाणी आहे. इंदिरा सागर पसरट आहे, हा जलाशय लांबट आणि अरुंद. म्हणून इथं लाटेपेक्षा दुसरा धोका: काठ सरळ कड्याचे, वारा घळीतून एकाच रेषेत येतो आणि नाव लावायला जागा लवकर सापडत नाही. जायचं असेल तर नाव कुठं कुठं लावता येते ते आधी विचारून घ्यावं. नंदुरबारच्या बाजूची आणि अलीराजपूरची भिल, पावरा मंडळी आता ह्या पाण्यात उत्तम मासेमारी करतात. त्यांच्या शेतांवर आज पाणी आहे, त्यांना तो तळ पाठ आहे. कुठं बांध होता, कुठं आंब्याचं झाड होतं, तिथं ते जाळं लावत नाहीत.

सरदार सरोवराची पायाभरणी १९६१ ची, पूर्ण उंचीनं ते पहिल्यांदा भरलं सप्टेंबर २०१९ मध्ये. मधली सगळी भांडणं सगळ्यांना माहीत आहेत. पाणी कोणाला किती हे १९७९ मध्ये लवादानं ठरवलं. एकूण २८ दशलक्ष एकर-फूट धरून मध्य प्रदेश १८.२५, गुजरात ९, राजस्थान ०.५० आणि महाराष्ट्र ०.२५. बेरीज करून पाहा, बरोबर २८ भरतात. नदीला स्वतःला किती, असा रकाना त्या बेरजेत नाही. तो नसल्याचा परिणाम पाहायचा असेल तर खाली भरूचला जावं लागतं.

धरण उगमापासून ११६३ किलोमीटरवर आहे, म्हणजे तिथून समुद्र दीडशे किलोमीटरच्या आत. चांदोदला उजवीकडून ओरसंग मिळते, पुढे शुक्लतीर्थाजवळ कबीरवडाचं बेट, मग भरूचचा १८८१ मधला जुना लोखंडी पूल, आणि त्याच्या पुढे नदी पसरत पसरत समुद्र होते. मुखाशी आलियाबेट आहे. गोदावरी-कृष्णेसारखा त्रिभुज प्रदेश नर्मदेला नाही, कारण खंबातच्या आखाताची भरती-ओहोटी देशात सगळ्यात मोठ्यांपैकी एक. नदीनं आणलेला गाळ भरती-ओहोटीचं पाणी एका जागी बसू देत नाही.

दोन वर्षांपूर्वी परिक्रमेतल्या काही मराठी मंडळींना सोबत म्हणून मी तिकडे गेलो होतो. परिक्रमावासी नदी ओलांडत नाहीत, फक्त मुखाशी, दक्षिण काठच्या विमलेश्वरहून उत्तर काठच्या मिठी तलाईला नावेनं जातात. तिथला नाववाला मासेमारच. दोन दिवस आम्ही किनाऱ्यावर बसून. लोक विचारत होते, केव्हा निघणार? तो म्हणायचा, पाणी सांगेल तेव्हा. शेवटी रात्री उठवलं आणि अंधारात बसवलं. ओहोटीत अडकलात तर चिखलात नाव रुतते, पुढच्या भरतीपर्यंत तशीच. मला लाज वाटली, वीस वर्षं नदीत काढूनही मला त्यातलं काहीच कळत नव्हतं. आपल्याला धरणाचं घड्याळ बघावं लागतं, त्याला चंद्राचं.

वाटेत तो पाल्याबद्दल बोलला. पाला म्हणजे बंगाली लोकांचा हिल्सा. हा मासा राहतो समुद्रात आणि अंडी घालायला पावसाळ्यात गोड्या पाण्यात वर चढतो. नदीचं गोडं पाणी जोरात समुद्रात आलं की त्याला वाट कळते. मोठ्या गोड्या कोळंबीचं उलट: ती नदीत वाढते आणि तिची पिल्लं जगायला खाडीचं मचूळ पाणी लागतं. दोघांनाही गोडं आणि खारं पाणी वेळेवर भेटायला हवं. धरणानंतर पावसाळा सोडून खाली पाणी कमी येऊ लागलं आणि खारं पाणी वर सरकलं. आता भरूचच्या खाली भाडभूतला नदीवर बंधारा होतोय, खारं पाणी अडवायला आणि गोडं साठवायला. शेतीला आणि शहराला त्याचा फायदा आहे. पण पाला त्या दारांतून कसा चढणार, हा त्या नाववाल्याचा प्रश्न होता, आणि मला त्याला उत्तर देता आलं नाही. वर कमी आणि एकदम जास्त, असंही होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये धरणातून मोठा विसर्ग झाला आणि भरूच-अंकलेश्वरच्या घरांत पाणी शिरलं.

उतरताना त्यानं मला विचारलं, तुमच्याकडे बडस अजून आहे का? मी म्हटलं, आहे, थोडा. तो म्हणाला, मग कुठल्या डोहात आहे ते लिहून ठेवा, आमच्याकडे पाला कुठं अंडी घालायचा हे म्हातारे गेल्यावर कोणाला सांगता येत नाही.

तर तेच काम ह्या बंदीत करायचं आहे. खलघाटापासून महेश्वरच्या वरपर्यंतचे सगळे डोह, त्यांची जुनी नावं, उन्हाळ्यात उरणारी खोली आणि कोणता मासा, अशी वही संस्थेच्या कार्यालयात ठेवली आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन या, त्यांना चहा माझ्याकडून. आणि ज्यांना १५ ऑगस्टनंतर जलाशयावर जायचं असेल त्यांनी नाव काठावर आणून दाखवावी. काठाची उंची मोजल्याशिवाय ह्या वेळी मी सही करणार नाही.